शिक्षकांना घडविणारा संत : जॉन बॅप्टिस्ट डी ला साल

ज्यांनी आपला हात हातात घेऊन पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतले, त्या गुरुजींची किंवा बाईंची मूर्ती क्षणभर डोळ्यांसमोर आणा. आपण त्यांचे ऋण मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु शिकवायचे कसे, हे त्या गुरुजींना कोणी शिकविले, असा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. आपल्या ख्रिस्ती समाजात शिक्षकांची घरे पुष्कळ आहेत. डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या कोणालाही विचारा. रात्री जागून काढलेले पाठाचे टाचण, वर्गाच्या शेवटच्या बाकावर वही घेऊन बसलेले परीक्षक आणि सराव पाठाच्या वेळी कोरडा पडलेला घसा या गोष्टी ते कधी विसरलेले नसतात. शिक्षक व्हावयाचे तर त्याचेही शिक्षण घ्यावे लागते, हे आज आपण गृहीत धरतो. तीनशे चाळीस वर्षांपूर्वी मात्र असे मानणारे लोक फार थोडे होते. त्या थोड्यांपैकी एक होते फ्रान्समधील संत जॉन बॅप्टिस्ट डी ला साल. ज्या कामासाठी पवित्र सभा आज त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून मान देते, ते काम त्यांनी आपण होऊन मुळीच निवडले नव्हते. म्हणूनच त्यांची जीवनकथा आपल्याला अधिक जवळची वाटेल.

सुखवस्तू घरातील थोरला मुलगा

३० एप्रिल १६५१ रोजी रीम्स या शहरात त्यांचा जन्म झाला. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक ज्या भव्य कॅथेड्रलमध्ये होत असे, ते हेच शहर. वडील लुई हे न्यायालयात अधिकारी होते. आई निकोल मोएत याही प्रतिष्ठित घराण्यातील होत्या. अकरा अपत्यांमध्ये जॉन बॅप्टिस्ट थोरले. त्यांतील चार भावंडे बालपणीच देवाघरी गेली. मुलगा हुशार आणि भक्तिमान होता, आणि घराण्याला मानही मोठा होता. त्यामुळे १६६७ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांना रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये कॅननचे पद मिळाले. रोजच्या उपासनेत भाग घेणाऱ्या धर्मगुरुमंडळातील हे पद मानाचे होतेच, शिवाय त्याला चांगले उत्पन्नही जोडलेले होते.

पुढे धर्मगुरुपदाच्या अभ्यासासाठी ते पॅरिसच्या सेंट सल्पिस सेमिनरीत दाखल झाले. तेथे दोन वर्षेही पुरी होतात न होतात तोच १६७१ च्या जुलैमध्ये आई गेली आणि १६७२ च्या एप्रिलमध्ये वडीलही गेले. एकविसाव्या वर्षातील तो तरुण अभ्यास अर्धवट सोडून घरी परतला. धाकट्या भावंडांचे पालनपोषण आणि वडिलोपार्जित मालमत्तेचा कारभार आता त्यालाच पाहावयाचा होता. ही जबाबदारी पार पाडीत त्यांनी रीम्समध्येच अभ्यास पुढे चालविला. १६७८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६८० साली ते धर्मशास्त्राचे डॉक्टर झाले. आता पुढचा मार्ग सरळ दिसत होता. कॅथेड्रलमधील जागा होती, घरची श्रीमंती होती, आणि कदाचित पुढे बिशपपदही मिळाले असते.

दारात भेटलेला पाहुणा

१६७९ च्या मार्च महिन्यात रीम्समधील एका मठाच्या दारात त्यांची एका वृद्ध होत चाललेल्या गृहस्थांशी गाठ पडली. त्यांचे नाव एड्रियन नीएल. गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढण्याच्या उद्देशाने ते रुआँ शहराहून आले होते. डी ला साल यांच्या नात्यातील एका श्रीमंत बाईंनी त्यांना पाठविले होते. तरुण कॅननने त्यांना काही दिवस आपल्या घरी ठेवून घेतले, योग्य माणसांशी त्यांची गाठ घालून दिली, आणि त्याच वर्षी पहिली शाळा सुरू झाली. आपले काम येथे संपले, अशीच त्यांची समजूत होती.

नीएल उत्साही होते, पण एका जागी टिकून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. एक शाळा उघडली की त्यांचे मन दुसरीकडे धावे. मागे राहत ते शिक्षक, आणि त्यांची स्थिती काय वर्णावी! त्या काळी अन्य कोठे काम न मिळालेला माणूस शाळेत मास्तर होई. त्याला ना प्रतिष्ठा होती, ना पुरेसे वेतन, ना कोणते प्रशिक्षण. मुलांना तो एकेक करून आपल्याजवळ बोलावून वाचावयास लावी आणि उरलेली मुले तोवर दंगा करीत बसत. मग छडी फिरे. आठवडे जात आणि मुलांच्या पदरी काही पडत नसे.

हे चित्र पाहून डी ला साल अस्वस्थ झाले. मोफत शाळा काढली, बाके आणली, मुले गोळा केली, तरी शिकविणारा तयार नसेल तर गरिबाच्या मुलाला आपण दिले तरी काय? या एका प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

जेवणाच्या टेबलावरचा पहिला वर्ग

प्रथम त्यांनी शिक्षकांसाठी आपल्या घराजवळ एक घर भाड्याने घेतले. मग त्यांना आपल्याच टेबलावर जेवावयास बोलावू लागले. अखेर २४ जून १६८१ रोजी त्यांनी त्या सर्वांना आपल्या राहत्या घरात आणले. वाचकहो, यामागील त्याग लहान नव्हता. त्यांनी स्वतःच पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की, आरंभी या मास्तरांना ते आपल्या घरच्या नोकरापेक्षाही खालचे समजत असत आणि त्यांच्यासोबत राहण्याची कल्पनाही त्यांना असह्य वाटली असती. परमेश्वराने त्यांना एकेक पाऊल पुढे नेले. पुढची वाट आधीच दिसली असती तर त्यांनी पहिले पाऊलही टाकले नसते.

नातेवाईक संतापले. प्रतिष्ठित घराण्याच्या घरात अडाणी मास्तरांचा तांडा बसलेला पाहून त्यांना लाज वाटली आणि काही धाकट्या भावंडांना तेथून नेण्यात आले. दुसऱ्या वर्षी डी ला साल यांनी ते घरच सोडले आणि शिक्षकांसह एका साध्या घरात ते राहू लागले. तेथे उठण्याची, प्रार्थनेची, अभ्यासाची आणि जेवणाची वेळ ठरलेली असे. ही शिस्त न सोसून आरंभीचे बहुतेक शिक्षक निघून गेले. त्यांच्या जागी नवे तरुण आले.

या नव्या तरुणांनाही उद्याची चिंता छळीत होती. शाळा बंद पडल्या तर आपण म्हातारपणी कोठे जावे, असे त्यांना वाटे. डी ला साल यांनी त्यांना रानातल्या फुलांची आणि आकाशातल्या पाखरांची आठवण देऊन परमेश्वरावर विसंबून राहण्याचा उपदेश केला. त्यावर शिक्षकांनी जे उत्तर दिले ते फार रोखठोक होते. कॅननपदाचे उत्पन्न आणि वडिलांची मालमत्ता हाताशी असलेल्या माणसाला असा उपदेश करणे सोपे आहे, काम बुडाले तरी त्यांना काही कमी पडणार नाही, रस्त्यावर येऊ ते आम्हीच, असे त्यांनी सांगितले.

हे शब्द त्यांच्या वर्मी बसले. दुसरा कोणी असता तर रागावला असता. डी ला साल यांनी मात्र मान्य केले की शिक्षकांचे म्हणणे खरे आहे. त्यांनी पॅरिसच्या फादर निकोलस बारे या अनुभवी धर्मगुरूंचा सल्ला घेतला. १६८३ साली त्यांनी कॅननपद सोडले, आणि तेही सख्ख्या भावाला न देता एका गरीब धर्मगुरूला दिले. पुढच्याच हिवाळ्यात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा त्यांनी आपली संपत्ती रोज भाकर वाटून गरिबांसाठी रिती केली. ती शाळांसाठी राखून ठेवावी असे काहींचे मत होते, पण ते त्यांनी मानले नाही. आता ते आणि त्यांचे शिक्षक एकाच पातळीवर आले. त्या लहानशा मंडळींनी मास्तर हे नाव टाकून ब्रदर, म्हणजे बंधू, हे नाव घेतले. विद्यार्थ्यांचे थोरले बंधू आणि एकमेकांचेही बंधू. पुढे हा संघ ख्रिस्ती शाळांचे ब्रदर्स म्हणून ओळखला जाऊ लागला.

खेड्यांसाठी शिक्षक

शाळांची कीर्ती पसरू लागली तसे खेड्यांतील धर्मगुरू आपल्यालाही एक शिक्षक द्या म्हणून विनवू लागले. येथे एक अडचण उभी राहिली. ब्रदर एकटा राहावयाचा नाही, निदान दोघे तरी एकत्र असावेत, असा नियम होता. लहान गावाला दोन शिक्षक पोसणे शक्य नव्हते. नियम मोडावा, की खेड्यांना नकार द्यावा?

डी ला साल यांनी तिसरा मार्ग काढला. गावच्या धर्मगुरूंनी आपल्याच गावातील होतकरू तरुण निवडून पाठवावेत, आपण त्यांना विनामूल्य तयार करू आणि ते आपल्या गावी जाऊन शिकवतील, अशी ती योजना होती. १६८५ नंतरच्या एकदोन वर्षांत रीम्समध्ये असे अध्यापक विद्यालय उभे राहिले. युरोपातील हे असे पहिलेच विद्यालय, असे काही इतिहासकार मानतात. लिऑन शहरातही त्याच काळात तसे प्रयत्न चालू होते. तेव्हा पहिला मान कोणाचा हा वाद आपण बाजूला ठेवू. प्राथमिक शाळेच्या साध्या मास्तरालाही पद्धतशीर शिक्षण मिळावयास हवे, हा विचार तेथे कृतीत उतरला, हेच महत्त्वाचे.

या तरुणांना वाचन, सुंदर हस्ताक्षर, अंकगणित, धर्मशिक्षण आणि उपासनेतील गायन शिकविले जाई. पुढे १६९९ च्या सुमारास पॅरिसमध्ये असेच दुसरे विद्यालय निघाले. त्याला जोडून गरीब मुलांची शाळा होती आणि भावी शिक्षक अनुभवी ब्रदरच्या देखरेखीखाली तेथे प्रत्यक्ष शिकवून पाहत. आजच्या सराव पाठाचेच ते आरंभीचे रूप होय.

वर्गातून उगवलेला अभ्यासक्रम

अभ्यासक्रम म्हटला की चार विद्वानांनी बंद खोलीत बसून केलेली विषयांची यादी आपल्या डोळ्यांसमोर येते. डी ला साल यांनी तसे केले नाही. ते स्वतः वर्गात उभे राहिले आणि गैरहजर शिक्षकाच्या जागी त्यांनी मुलांना शिकविले. अनुभवी ब्रदर्सना एकत्र बसवून वर्षानुवर्षे चर्चा केली. जे वर्गात उपयोगी ठरले ते ठेवले आणि जे निरुपयोगी ठरले ते गाळले. अशा रीतीने १७०६ च्या सुमारास ख्रिस्ती शाळांच्या संचालनाविषयीचा त्यांचा ग्रंथ हस्तलिखित रूपात तयार झाला. तो छापून निघाला १७२० साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

त्यातील काही गोष्टी पाहा. मुलांना एकेकटे न शिकविता, सारख्या तयारीच्या मुलांचे गट करून एकत्र शिकवावे. एक मुलगा वाचीत असता इतरांनी आपापल्या पुस्तकात तोच मजकूर पाहावा. शिक्षकाने कमी बोलावे. त्यासाठी हातातील एका लहानशा उपकरणाच्या टकटक आवाजाने सूचना देण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. दर महिन्याच्या अखेरीस मुलांची प्रगती तपासून त्यांना पुढच्या धड्याला चढवावे. मोठ्या मुलांना नुसती सुवचने गिरवावयास न लावता पावत्या, करारपत्रे, भाडेपट्टे लिहावयास शिकवावे, कारण कारागिराच्या मुलाला उद्या त्यांचीच गरज पडणार. प्रत्येक मुलाच्या गुणदोषांची नोंद ठेवावी आणि वर्षाअखेरीस ती पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यावी.

सर्वांत धाडसी पाऊल भाषेचे होते. त्या काळी मुलांना आधी लॅटिन वाचावयास शिकवीत. मुलाला ज्यातील एक शब्दही कळत नाही, ती अक्षरे तो महिनोन्महिने घोकी. डी ला साल यांनी फ्रेंच, म्हणजे मुलांची रोजची भाषा, आधी आणली. एका बिशपांनी त्यावर आक्षेप घेतला तेव्हा त्यांनी आपली कारणे मुद्देसूद लिहून दिली. गरिबाचे मूल शाळेत थोडाच काळ टिकते. त्या थोड्या काळात लॅटिन धड येत नाही आणि मातृभाषाही वाचता येत नाही. मग ते आयुष्यभर निरक्षरच राहते. मराठी शाळांच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्या आपणा वाचकांना या युक्तिवादाचे मोल निराळे सांगावयास नको.

भावी शिक्षकांना घडविणाऱ्यासाठी त्यांनी जी नियमावली केली तिचा गाभा अगदी साधा आहे. नव्या शिक्षकाच्या ठायी जे असू नये ते आधी काढून टाकावे आणि जे असावयास हवे पण नाही ते मग त्याला द्यावे. काढून टाकावयाच्या दोषांत फार बोलण्याची हौस, उतावळेपणा, कठोरपणा, आवडत्या मुलांविषयीचा पक्षपात, आळस आणि चटकन खचून जाणे यांचा समावेश आहे. द्यावयाच्या गुणांत निश्चय, सावधपणा, दक्षता, गांभीर्य आणि मुलांचे मन जिंकणारी वागणूक आहे. म्हणजे पुस्तकांपूर्वी माणूस! मुले शाळेत का येत नाहीत, याची कारणे नोंदविताना त्यांनी केवळ मुलांना आणि आईबापांना दोष दिला नाही. शिक्षक रुक्ष आहे, त्याला मुलांना आपलेसे करता येत नाही, हेही एक कारण म्हणून त्यांनी स्पष्ट लिहिले.

शिक्षकांच्या वार्षिक मौनकाळासाठी त्यांनी मनन-चिंतनेही लिहिली. शिक्षक हा मुलांपुढे प्रभू येशूचा प्रतिनिधी आहे, हा त्यांचा मुख्य विषय. ज्याला जगाने बेकार मास्तर म्हणून हिणवले, त्याला त्यांनी ख्रिस्ताचा सेवक म्हणून उभे केले.

पराभवांची वाट

वाचकहो, या संताच्या चरित्रात यशापेक्षा अपयशाची पाने अधिक आहेत. १६९१ साली संघ मोडकळीस आला असता डी ला साल यांनी दोन ब्रदर्ससह गुप्त व्रत घेतले. भीक मागून कोरड्या भाकरीवर जगावे लागले तरी हे काम सोडावयाचे नाही, असे ते व्रत होते. त्या दोघांपैकी गॅब्रिएल ड्रोलिन पुढे अनेक वर्षे रोममध्ये एकटे राहून निष्ठेने काम करीत राहिले. दुसरे निकोलस व्युयार पॅरिसच्या अध्यापक विद्यालयाचे प्रमुख झाले. त्या विद्यालयासाठी ठेवलेली देणगी त्यांच्या नावे आली, तेव्हा ते संघापासून वेगळे झाले आणि विद्यालय बंद पडले. ज्याच्यासोबत व्रत घेतले, त्याच्याच हातून ही जखम झाली.

पॅरिसमधील लेखनिक-शिक्षकांच्या संघटनेने आणि इतर शाळांच्या मास्तरांनी खटले भरले. मोफत शाळेत पैसे देऊ शकणारी मुलेही बसतात, त्यामुळे आपला धंदा बुडतो, ही त्यांची तक्रार होती. शाळांतील सामान जप्त झाले आणि दंडही झाले. पॅरिसजवळ सेंट डेनिस येथे १७०९ साली खेड्यांच्या शिक्षकांसाठी पुन्हा एक प्रयत्न झाला. या वेळी एका तरुण धर्माधिकाऱ्याने भागीदारी केली होती. तो कायद्याने अज्ञान होता, म्हणून त्याच्या वडिलांनी फिर्याद केली आणि १७१२ साली निकाल डी ला साल यांच्या विरुद्ध गेला. अध्यापक विद्यालयाचा हाही प्रयत्न बुडाला.

मनाने खचलेले डी ला साल दक्षिण फ्रान्समध्ये निघून गेले. या कामातील खरी अडचण आपणच आहोत, असे त्यांना वाटू लागले होते. तेव्हा १ एप्रिल १७१४ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, पॅरिसच्या ब्रदर्सनी त्यांना एक पत्र लिहिले. ज्या आज्ञापालनाचे व्रत त्यांनी सर्वांसह घेतले होते, त्याच व्रताची आठवण देऊन त्यांनी आपल्या संस्थापकालाच परत येण्याची आज्ञा केली. ते परतले. ज्यांना एके काळी त्यांनी नोकराहून खालचे मानले, त्यांची आज्ञा त्यांनी शिरसावंद्य मानली!

१७१७ साली ब्रदर बार्थेलेमी यांची प्रमुखपदी निवड झाली. त्यानंतर डी ला साल रुआँ शहराबाहेरच्या संघगृहात साधे सभासद म्हणून राहिले. ७ एप्रिल १७१९ रोजी, उत्तम शुक्रवारी, त्यांनी देह ठेवला. मागे सुमारे शंभर ब्रदर्स होते, आणि ते एक हस्तलिखित.

बी रुजले

१७२५ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी संघाला मान्यता दिली. १९०० साली पोप तेरावे लिओ यांनी डी ला साल यांना संतपद बहाल केले आणि १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते घोषित केले. त्यांच्या संघाच्या शाळा आज जगातील अनेक देशांत आहेत, भारतातही आहेत.

आपल्या देशाकडे पाहिले तर एक योगायोग मनाला स्पर्शून जातो. डी ला साल हयात असतानाच, १७१६ साली, तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे प्रोटेस्टंट मिशनरी बार्थोलोमेयस झीगेनबाल्ग यांनी शिक्षक तयार करण्यासाठी एक संस्था सुरू केली. दोघांचाही भर लोकांच्या भाषेवर होता आणि दोघांचेही देहावसान १७१९ सालीच झाले. पंथ वेगळे, देश वेगळे, तरी प्रभूच्या मळ्यात एकच बी पेरले जात होते. पुढे शतकभराने महाराष्ट्रात अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. त्यातून किती घरांत दिवा लागला, हे आपण जाणतोच.

प्रिय वाचकहो, शिक्षणाचे आराखडे बदलतात, प्रशिक्षणाची वर्षे वाढतात, विषयांची नावे नवी होतात. तशा सुधारणा व्हावयासच हव्यात आणि डी ला साल यांनीही आपला ग्रंथ अनुभवाच्या कसोटीवर पुनःपुन्हा घासून घेतला होता. परंतु त्यांचा पहिला धडा वर्गात नव्हे, जेवणाच्या टेबलावर झाला. ज्यांना घडवावयाचे त्यांच्यासोबत ते बसले, त्यांचे कठोर बोल त्यांनी ऐकून घेतले आणि आधी स्वतः बदलले. आपण शिक्षक असाल, शिक्षकांचे शिक्षक असाल, रविवारच्या धर्मशिक्षणाचा लहानसा वर्ग घेत असाल किंवा शाळेच्या व्यवस्थापनात असाल, तर हा धडा आपल्यासाठीही आहे. येत्या आठवड्यात आपल्या मुलांच्या शिक्षकांपैकी एकाला भेटा, त्यांची विचारपूस करा आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करा. शिक्षकांना प्रेमाने सांभाळणाऱ्या समाजाची मुले कधी अंधारात राहत नाहीत.